त्सुनामीच्या धोक्याची संभाव्यता: खान्देशातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशाला समुद्रकिनारा नाही. मग ही माहिती इथल्या माणसांना कशासाठी हवी?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र लागत नाही, हे खरे. खान्देशातील माणसे मात्र किनाऱ्यावर मोठ्या संख्येने राहतात. सुरतेतील उधना, लिंबायत या भागांत अहिराणी बोलणारी असंख्य कुटुंबे आहेत. कानबाईच्या रोटांना ती गावी येतात आणि रोट आटोपले की कामावर परततात. मुंबई, वसई-विरार आणि पालघरच्या पट्ट्यात नोकरीसाठी गेलेलेही कमी नाहीत. हिवाळ्यात इथल्या शाळांच्या सहली अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्लीच्या वाळूवर उतरतात. यांच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी समुद्र पाहिलेला नसतो, त्यामुळे पाणी कसे वागते याची किनाऱ्यावरच्या माणसाला उपजत असते ती जाण त्यांना नसते. ही उणीव माहितीनेच भरून काढावी लागते.

दुसरे कारण विद्यार्थ्यांसाठी आहे. हा अभ्यास भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकावरील गणित यांच्या आधारे होतो आणि त्यासाठी समुद्राकाठी राहावे लागत नाही. भारताचे त्सुनामी इशारा केंद्रसुद्धा हैदराबादला आहे.

तापीच्या पात्रातून त्सुनामीचे पाणी खान्देशापर्यंत येऊ शकते का?

नाही. त्सुनामी नदीच्या मुखातून आत शिरते हे खरे आहे. २०११ मध्ये जपानमधील किताकामी नदीत पाणी सुमारे ४९ किलोमीटर आतपर्यंत गेल्याची नोंद आहे. परंतु तापीवर सुरतेतच सिंगणपोरचा बंधारा आहे, त्याच्या बऱ्याच वर उकाईचे धरण आहे, आणि आपली तिन्ही जिल्ह्यांची मुख्य शहरे समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर आहेत.

संभाव्यता सांगणे म्हणजे त्सुनामी केव्हा येणार हे सांगणे का?

नव्हे, आणि हा फरक पक्का समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजणार नाही. भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याची पद्धत आज जगात कोणाकडेही नाही. मोठ्या त्सुनामी बहुतांशी समुद्रतळाखालच्या भूकंपातून उठत असल्याने त्यांचीही तारीख सांगता येत नाही. "अमुक दिवशी मुंबई बुडणार" अशा मजकुराचे जे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात, ते कोणत्याही शास्त्रज्ञाच्या नावाने आले तरी खोटेच समजावेत.

संभाव्यतेच्या अभ्यासातून मिळणारे उत्तर वेगळ्या प्रकारचे असते. "या बंदरावर पुढील ५० वर्षांत २ मीटरपेक्षा उंच पाणी किमान एकदा येण्याची शक्यता इतके टक्के आहे," असे ते वाक्य असते. त्यात जागा, उंची आणि कालावधी या तिन्ही गोष्टी असाव्याच लागतात. यांतील एक जरी गाळली तरी त्या टक्केवारीला काही अर्थ राहत नाही. वर्तमानपत्रात असा आकडा वाचताना पहिल्यांदा या तीन गोष्टी शोधाव्यात.

"५०० वर्षांतून एकदा येणारी त्सुनामी" म्हणजे ती ५०० वर्षांनीच येणार ना?

हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो आणि तो घातक आहे. तापीच्या पुराच्या बाबतीतही "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असे म्हटले जाते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला, म्हणून आता पुढची शंभर वर्षे निर्धास्त राहा, असे कोणताही अभियंता सांगणार नाही. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एवढाच, की अशी घटना कोणत्याही एका वर्षात घडण्याची शक्यता सरासरीने १ टक्का आहे. ती लागोपाठच्या दोन वर्षांत घडू शकते, आणि दोनशे वर्षे घडणारच नाही असेही होऊ शकते.

आता त्याचा हिशेब पाहू. एका वर्षात घटना न घडण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर सलग ३० वर्षे ती न घडण्याची शक्यता ०.९९ या संख्येला स्वतःनेच तीस वेळा गुणून मिळते. ते उत्तर सुमारे ०.७४ येते. म्हणजे ३० वर्षांत ती किमान एकदा घडण्याची शक्यता २६ टक्के झाली. शंभर वर्षांसाठी हाच हिशेब केला तर उत्तर १०० टक्के येत नाही, सुमारे ६३ टक्के येते. पाचशे वर्षांच्या घटनेसाठी ५० वर्षांतील शक्यता साधारण साडेनऊ टक्के होते. ज्या इमारतीत मुले पन्नास वर्षे शिकणार आहेत, तिच्यासाठी दहातील एक ही शक्यता लहान मानता येत नाही.

या हिशेबात प्रत्येक वर्ष मागच्या वर्षापासून स्वतंत्र धरलेले असते. प्रत्यक्षात मोठा भूकंप होऊन गेल्यावर त्या भ्रंशावरील (ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्यावरील) ताण कमी होतो आणि पुन्हा साठायला काळ लागतो, म्हणून काही अभ्यासांत शेवटच्या भूकंपाला किती वर्षे झाली हेही धरले जाते. मात्र त्यासाठी त्या भ्रंशाचा दीर्घ इतिहास माहीत असावा लागतो आणि तो फार थोड्या ठिकाणी माहीत आहे.

एखाद्या गावासाठी ही संभाव्यता प्रत्यक्षात काढतात कशी?

सुरुवात त्सुनामी उठवू शकणाऱ्या ठिकाणांच्या यादीपासून होते. समुद्रात जिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याच्या खाली सरकत असतो, ती क्षेत्रे या यादीत सर्वांत वर असतात. तिथे दोन्ही पट्ट एकमेकांत अडकून राहतात, वर्षानुवर्षे ताण साठतो, आणि तो सुटताना वरच्या पट्टाची कड एकाएकी उसळते. तिच्यावरचे सगळे पाणी तिच्याबरोबर उचलले जाते.

प्रत्येक क्षेत्रात कोणत्या तीव्रतेचे भूकंप किती वारंवार होतील, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी दोन आधार आहेत. पहिला आधार जगभरच्या नोंदींवरून दिसणाऱ्या नियमाचा: तीव्रता एकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहापट कमी होते, तर सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दुसरा आधार भूपट्टांच्या वेगाचा. एखादा पट्ट वर्षाला ४ सेंटीमीटर सरकत असेल आणि भ्रंश पूर्ण अडकलेला असेल, तर शंभर वर्षांत ४ मीटर सरकणे उधार राहते. एका महाभूकंपात २० मीटर सरकणे होत असेल, तर तेवढी उधारी साठायला ५०० वर्षे लागतील. उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची हालचाल मिलिमीटरपर्यंत मोजता येऊ लागल्यापासून हा हिशेब अधिक भरवशाचा झाला आहे.

त्यानंतर संगणकावर हजारो काल्पनिक भूकंप घडवले जातात. लहान, मोठे, उथळ, खोल, क्षेत्राच्या या टोकाला, त्या टोकाला. प्रत्येकाची लाट समुद्रातून चालवत किनाऱ्यापर्यंत आणली जाते. खोल समुद्रात लाटेचा वेग केवळ पाण्याच्या खोलीवर ठरतो: ४,००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो, आणि तिथे लाट इतकी पसरट असते की जहाजावरच्या माणसाला तिची जाणीवही होत नाही. किनारा जवळ आला की वेग घटतो आणि उंची वाढते. म्हणून समुद्रतळाचा नकाशा जितका बारीक, तितके उत्तर खरे. खाडीचे तोंड, वाळूचा दांडा, कांदळवन, बंदराची भिंत, या सगळ्यांमुळे शेजारशेजारच्या दोन गावांचे उत्तर वेगळे येऊ शकते.

शेवटी बेरीज येते. पुढील आकडे केवळ समजण्यापुरते घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या गावाचे नाहीत. समजा, एका गावात २ मीटरपेक्षा उंच पाणी आणणारी घटना एका क्षेत्रातून ५०० वर्षांतून एकदा, दुसऱ्यातून १,००० वर्षांतून एकदा आणि समुद्रतळावरची दरड कोसळून २,००० वर्षांतून एकदा होते. वार्षिक दर अनुक्रमे ०.००२, ०.००१ आणि ०.०००५, बेरीज ०.००३५. म्हणजे सर्व मिळून साधारण २८६ वर्षांतून एकदा, आणि ५० वर्षांत सुमारे १६ टक्के. एकेकटे पाहिले तर तिन्ही धोके दूरचे वाटतात; एकत्र केल्यावर गावासमोरचे चित्र बदलते. हीच बेरीज १ मीटर, ३ मीटर, ५ मीटर अशा वेगवेगळ्या उंचींसाठी केली की उंची आणि वारंवारता यांचा एक वक्र मिळतो. पुढचे सगळे निर्णय त्या वक्रावरून घेतले जातात.

लेखी नोंदी शे-दोनशे वर्षांच्या असताना हजार वर्षांचा अंदाज कशाच्या आधारावर करतात?

मुख्यतः मातीच्या आधारावर. त्सुनामी किनाऱ्यावरची वाळू उचलून आतल्या दलदलीत नेऊन पसरवते. पाणी ओसरल्यावर त्या वाळूवर पुन्हा काळा, सेंद्रिय गाळ साचत जातो आणि वाळूचा पांढरट थर त्याखाली जपला जातो. थायलंडमधील फ्रा थोंग बेटावर अशाच दलदलीत खोदल्यावर २००४ च्या वाळूच्या थराखाली काळी माती, तिच्याखाली पुन्हा वाळू, पुन्हा काळी माती असे थर उघडे पडले. त्या मातीतील सालींच्या तुकड्यांचे वय काढल्यावर, २००४ च्या आधीची तशीच मोठी त्सुनामी सुमारे ५५० ते ७०० वर्षांपूर्वी आली असावी, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच-सहा शतकांचा खंड पडला की लोकांच्या स्मरणात काहीच उरत नाही. २००४ मध्ये त्या किनाऱ्यांवरील माणसे बेसावध होती याचे हे एक मोठे कारण आहे.

जपानमध्ये सेंदाईच्या मैदानात इ. स. ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू सापडली होती, आणि ती किनाऱ्यापासून बरीच आत पसरलेली होती. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील महाभूकंपाची तारीख तर जपानी दप्तरांतून निश्चित झाली: जानेवारी १७०० मध्ये जपानमध्ये भूकंपाचा धक्का न बसताच लाट आल्याची नोंद होती, आणि किनाऱ्यावर बुडून मेलेल्या झाडांच्या वयाशी ती जुळली.

मौखिक परंपराही पुरावा ठरते. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण आजी-आजोबांच्या गोष्टींतून आणि अंगाईंतून टिकली होती. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, की डोंगराकडे धावायचे, एवढाच त्यातला संदेश. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या केंद्राजवळ असूनही सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर अवघी सात माणसे दगावली. या विषयावरचे कितीही शोधनिबंध वाचले तरी मला हा दाखला सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्या बाजूच्या, म्हणजे अरबी समुद्राच्या किनाऱ्याला धोका कुठून आहे?

प्रामुख्याने मकरानमधून. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगत अरबी पट्ट युरेशियन पट्टाखाली सरकतो; वेग वर्षाला साधारण ४ सेंटीमीटरच्या आसपास. नोव्हेंबर १९४५ च्या अखेरीस याच क्षेत्राच्या पूर्व भागात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी आणि ओरमाराच्या किनाऱ्यावर विध्वंस झाला, आणि लाटा मुंबईपर्यंतही पोहोचल्या. मुंबईत त्यांची उंची सुमारे २ मीटर असल्याचे आणि माणसे वाहून गेल्याचे उल्लेख आहेत. मकरानहून मुंबईला लाट यायला चार ते पाच तास लागतात. इशारा वेळेवर मिळाला आणि लोकांनी मानला, तर एवढा वेळ पुरेसा आहे.

खरी अडचण पश्चिम मकरानची आहे. तिथे अलीकडच्या शतकांत मोठ्या भूकंपाची खात्रीलायक नोंद नाही. याचा अर्थ तो भाग भूकंपाविना हळूहळू सरकतो आहे, की अडकून ताण साठवतो आहे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पूर्व आणि पश्चिम भाग एकाच वेळी सुटले, तर तीव्रता १९४५ पेक्षा बरीच मोठी असेल, आणि कोकण-गुजरातसाठीचा अंदाज याच एका प्रश्नाच्या उत्तराने सर्वाधिक बदलतो.

सुमात्रा-अंदमानचे क्षेत्र बंगालच्या उपसागराच्या बाजूला आहे म्हणून पश्चिम किनारा पूर्ण सुरक्षित, असेही मानू नये. २००४ मध्ये तिथे ९.१ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा भ्रंश फाटला, १४ देशांत दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि ती लाट श्रीलंकेला वळसा घालून केरळमधील कोल्लमच्या किनाऱ्यावरही आदळली.

भूकंपाशिवायही त्सुनामी येते का?

येते. जुलै १९९८ मध्ये पापुआ न्यू गिनीत भूकंप जेमतेम ७ तीव्रतेचा होता, पण त्याने समुद्रतळावरची दरड कोसळली आणि २,१०० हून अधिक माणसे मेली. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात घसरली आणि चारशेहून अधिक बळी गेले. या घटनांची वारंवारता काढणे फार कठीण आहे, म्हणून पुष्कळ अभ्यास केवळ भूकंपांपुरतेच मर्यादित असतात. अहवाल वाचताना त्यात दरडी आणि ज्वालामुखी धरले आहेत का, हे जरूर पाहावे.

भरती-ओहोटीचा या हिशेबात काय संबंध?

खान्देशातल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडचे पाणी दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतील अंतर चार ते पाच मीटरपर्यंत जाते आणि खंभातच्या आखातात ते याहून कितीतरी मोठे असते. २ मीटरची लाट पूर्ण ओहोटीला आली तर नेहमीच्या भरतीइतकीही पातळी गाठणार नाही. तीच उधाणाच्या भरतीवर आली तर सखल वस्तीत शिरेल. म्हणून चांगल्या अभ्यासात लाट भरतीच्या कोणत्या घटकेला येईल याचीही शक्यता धरून बेरीज केली जाते.

दोन अभ्यासांचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत? मग विश्वास कोणावर ठेवायचा?

अनिश्चितता दोन प्रकारची असते. एक निसर्गातच असते: पुढचा भूकंप नेमका कुठे आणि किती मोठा, हे कितीही अभ्यास केला तरी यदृच्छेवरच राहते. दुसरी आपल्या अज्ञानाची असते, आणि ती अभ्यासाने कमी होऊ शकते. मकरानमधील सर्वांत मोठा भूकंप आठच्या थोडा वर असेल की नऊच्या आसपास, हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे. यासाठी तज्ज्ञ शक्यतांचा एक वृक्ष मांडतात. प्रत्येक प्रश्नाशी फांद्या फुटतात, प्रत्येक फांदीला तिच्या विश्वासार्हतेनुसार वजन दिले जाते, आणि सर्व फांद्यांवरचा हिशेब करून शेवटी एकाऐवजी उत्तरांचा एक पट्टा मिळतो. दोन गटांनी फांद्यांना वेगळी वजने दिली, तर उत्तरे वेगळी येणारच.

म्हणून ज्या अहवालात एकच नेमका आकडा दिला आहे आणि त्याच्या वरच्या-खालच्या मर्यादा दिलेल्या नाहीत, त्यावर कमी विश्वास ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियाच्या भूविज्ञान संस्थेने २०१८ मध्ये आपल्या देशासाठी केलेला अभ्यास आणि त्याच वर्षीचा भूमध्य समुद्र व ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांचा संयुक्त युरोपीय अभ्यास, हे दोन्ही अशा मर्यादांसह सर्वांसाठी खुले आहेत. शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांतून सुरुवात करावी.

आकडा हातात असूनही दुर्लक्ष झाल्याचे उदाहरण आहे का?

फुकुशिमा, म्हणजे जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील अणुवीज प्रकल्प. जपान सरकारच्या भूकंप संशोधन मुख्यालयाने जुलै २००२ मध्ये, ईशान्य किनाऱ्यालगतच्या खंदकात मोठी त्सुनामी उठवणारा भूकंप पुढील ३० वर्षांत होण्याची शक्यता सुमारे २० टक्के असल्याचे जाहीर केले होते. त्या आधारावर २००८ मध्ये वीज कंपनीच्या अंतर्गत गणितात अणुभट्टीजवळ १५.७ मीटरपर्यंत पाणी येऊ शकते असे उत्तर आले. तरीही प्रकल्पाची तयारी सुमारे सहा मीटरच्या लाटेसाठीच राहिली. ११ मार्च २०११ रोजी तिथे १४ ते १५ मीटर उंचीचे पाणी आले. गणित कमी पडले म्हणून हे घडले नाही. अनिश्चित आकड्यावर खर्च कशाला, या विचाराने निर्णय पुढे ढकलला गेला. तमिळनाडूतील कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रातही २००४ मध्ये समुद्राचे पाणी पंपगृहात शिरले होते, पण तिथली चालू अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करता आली.

हे आकडे प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगी पडतात?

नगररचना, बंदरे, विमा आणि बांधकामाचे नियम ठरवणाऱ्यांच्या. जपानने २०११ नंतर दोन स्तर ठरवले. काही दशके ते शंभर-दीडशे वर्षांतून येणाऱ्या त्सुनामीसाठी भिंती बांधायच्या. हजार वर्षांतून येणाऱ्या महात्सुनामीला मात्र भिंतीने अडवण्याचा आग्रह न धरता माणसे उंचावर नेऊन जीव वाचवायचे. अमेरिकेच्या बांधकाम मानकात रुग्णालयासारख्या महत्त्वाच्या इमारतींसाठी सुमारे २,४७५ वर्षांतून एकदा येणारी, म्हणजे ५० वर्षांत २ टक्के शक्यतेची, त्सुनामी धरतात.

स्थलांतराचे नकाशे मात्र पुष्कळदा संभाव्यतेवर न करता, घडू शकेल अशा सर्वांत वाईट प्रसंगावर करतात. ते योग्यच आहे. भिंतीची उंची ठरवताना खर्चाचा विचार करावा लागतो. पळण्याचा रस्ता थोडा अधिक लांब ठेवायला मात्र फारसे काही लागत नाही.

इशारा यंत्रणा असताना आधी संभाव्यता काढण्याची गरज काय?

हैदराबादच्या इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र) या संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चोवीस तास चालते. भूकंपमापकांवरून पहिली सूचना मिळते, संगणकात आधीच सोडवून ठेवलेल्या असंख्य प्रसंगांपैकी जुळणारा प्रसंग काढला जातो, आणि समुद्रतळावरील दाबमापके व किनाऱ्यावरील भरतीमापके यांच्याशी तो ताडून पाहिला जातो. पण इशारा मिळाल्यावर लोकांनी कुठे जायचे, वाटेतला पूल टिकेल का, शाळा सखल जागी तर नाही ना, या प्रश्नांची उत्तरे त्या घटकेला शोधता येत नाहीत. शिवाय अंदमान-निकोबारसारख्या ठिकाणी लाट काही मिनिटांतच पोहोचू शकते. ओडिशातील वेंकटराईपूर आणि नोलियासाही या गावांनी ही तयारी आधी केली: धोक्याचे नकाशे, स्थलांतराचे मार्ग, फलक, सराव. २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागर आयोगाकडून त्यांना त्सुनामीसज्ज गाव म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील प्रत्येक कोळीवाड्याला असा दर्जा मिळावा, अशी मनापासून इच्छा आहे.

हवामान बदलामुळे त्सुनामी वाढतील का?

भूकंप वाढणार नाहीत. पण समुद्राची पातळी वाढली की तीच लाट अधिक उंचावरून येते, आणि आज हजार वर्षांतून एकदा गाठली जाणारी खूण उद्या त्याहून वारंवार गाठली जाते. पन्नास-शंभर वर्षे उभ्या राहणाऱ्या बांधकामांसाठी हे धरणे आवश्यक आहे.

सुरत, मुंबई किंवा कोकणात असलेल्या आपल्या माणसांना आणि सहलीला जाणाऱ्या मुलांना नेमके काय सांगावे?

किनाऱ्यावर असताना उभे राहणे कठीण व्हावे इतका जोराचा धक्का बसला, किंवा धक्का सौम्य पण मिनिटभर वा अधिक लांबला, तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागी जावे. समुद्र एकाएकी मागे हटून तळ उघडा पडला, तर शिंपले वेचायला किंवा छायाचित्र काढायला पुढे जाऊ नये. त्याच क्षणी उलट दिशेने निघावे. मकरानचा भूकंप मुंबई-सुरतेत जेमतेम जाणवेल किंवा जाणवणारही नाही, म्हणून तिथे धक्क्यापेक्षा अधिकृत इशाऱ्याला महत्त्व आहे, आणि तो जिल्हा प्रशासनाकडून किंवा इन्कॉइसकडूनच आलेला असावा. आतल्या भागात लांब जाणे शक्य नसेल तर सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम इमारतीचे वरचे मजले गाठावेत. खाडी आणि नदीच्या काठापासूनही दूर राहावे.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुक्कामाच्या गावी पोहोचताच यजमानांना दोन गोष्टी विचाराव्यात: जवळची उंच जागा कोणती, आणि तिथे चालत जायला किती वेळ लागतो. शक्य असल्यास त्याच संध्याकाळी मुलांना त्या वाटेने एकदा चालवून आणावे. पहिली लाट बहुधा सर्वांत मोठी नसते, लाटा काही मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने कित्येक तास येत राहतात, आणि पाणी ओसरल्यासारखे दिसले म्हणून सामान आणायला खाली उतरलेली माणसेच पुष्कळदा सापडतात. म्हणून प्रशासनाने धोका टळल्याचे जाहीर करेपर्यंत वरच थांबावे.